एका ‘नाय’ला एक टाळी

मॉरिशसला मराठी शिकवायला आमच्या बी.एड. कॉलेजातून एक मुलगी जाणार, असं बाईंनी वर्गात सांगितलं तेव्हा मला तो देश कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. वाचनालयातल्या नकाशात बघितलं. आफ्रिकेच्या बाजूला, समुद्रात माशी बसावी एवढा ठिपका. फार पूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या माणसांचे नातू-पणतू तिथे राहतात, त्यांच्या मुलांना शाळेत मराठी शिकवतात, आणि छात्रसेवाकालाचं, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायचं, एक सत्र आमच्यातल्या एकीने तिथे करायचं, असं ठरलं होतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. महाडच्या पुढे मुंबईपर्यंत गेलेल्या मुलीही वर्गात फार नव्हत्या.

तयारीसाठी बाईंनी दोघींना निवडलं. एक मी. दुसरी तुडीलची, माझी खोलीतली सोबतीण. बिरवाडीत कंपनीतल्या कामगारांच्या चाळीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात शिजवायचो. तिचे वडील शिक्षक, त्यामुळे तिची भाषा घरापासूनच पुस्तकातली. माझं घर पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत. आईबाप म्हशी राखायचे. पाठ घ्यायला मात्र वर्गात माझ्या तोडीचं कुणी नव्हतं. हे बाईसुद्धा मान्य करायच्या, पण त्याला पुढे एक वाक्य जोडून.

“मुलं हिच्या हातात राहतात. तोंड उघडलं की सगळं जातं.”

शेवटची निवड मॉरिशसहून येणारे एक पाहुणे करणार होते, दोघींचे पाठ बघून. तोवर आम्हाला घडवायचं काम बाईंचं. त्यांनी ते मन लावून केलं. महाडमध्ये त्यांच्या घरी दर रविवारी टेबलावर उकडलेला बटाटा ठेवून काट्या-चमच्याने खायला शिकवलं. साडीची निरी, चालणं, हसताना तोंड किती उघडायचं, सगळं. माझा बटाटा एकदा ताटलीतून उडून जमिनीवर पडला. बाई म्हणाल्या, “तिथे समुद्र आहे. म्हशी नाहीत. सवय करून घे.” माझी सोबतीण हसली. मीही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

टाळीची कल्पना त्यांना पुढे सुचली. मी बोलताना ‘नाही’च्या जागी ‘नाय’ म्हटलं, ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हटलं, की सगळ्या वर्गाने एक टाळी वाजवायची.

“चेष्टा म्हणून नव्हे,” त्यांनी वर्गाला बजावलं. “तिला मदत म्हणून.”

वर्गाने खूप मदत केली. मी जेवणाच्या डब्याभोवती बसून काही सांगत असले तरी टाळी पडायची. जिन्यात पडायची. एसटीत दोन सीट मागून पडायची. टाळी वाजली की मला पुढचं आठवायचंच नाही. हळूहळू मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा वळवून बघायला लागले, आणि वाक्य तयार होईतो बोलायची वेळ निघून गेलेली असायची. मैत्रिणी म्हणू लागल्या, मॉरिशसच्या नावाने हिला गर्व झालाय.

वाडीवर गेले की उलटं. गोठ्यात धार काढताना मी पुटपुटत होते, ‘नाही, नाही, नाही.’ आई शेण भरत होती. तिने विचारलं, “म्हशीला काय नाय सांगतीस?”

“मी सराव करत आहे, आई.”

आईने पाटी खाली ठेवली. “कोन करत आहे? नीट बोल.”

“नीटच बोलते आहे.”

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी भाकरी मागितली की बाबांना म्हणायची, “मास्तरीणबायना काय पायजे बगा.” शेजारणी आल्या की मला पुढे उभं करायची. “बोल गो, तुजं ते बोल. ऐकू दे ह्यास्नी.” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. निवडीआधीच दोघींचे पासपोर्ट काढायला टाकले होते; त्याच्या चौकशीला पोलीसपाटील आले, तेव्हा त्यांच्यासमोर आई म्हणाली, “जाऊ दे. तिकडं मेली तर तिकडंच जाळतील. आमाला लाकडं नाय लागायची.” पाटलांना वाटलं ती गंमत करते आहे. बाबा अंगणात निघून गेले.

निवडीच्या दिवशी महाडच्या एका शाळेतली चौथीची मुलं कॉलेजच्या सभागृहात आणून बसवली होती. पाहुणे पहिल्या रांगेत, बाईंच्या शेजारी. साठीचे, सावळे, पांढऱ्या शर्टाचे. दिसायला आमच्या वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखे, फक्त बूट पॉलिश केलेले. सकाळपासून ते हिंदी नाहीतर इंग्रजीच बोलत होते, आणि तेही मोजकं. मागे आमचा सगळा वर्ग.

मी ‘बाजार’ हा पाठ घेतला. पिशवीतून खरी भाजी काढली, मुलांना विकणारे आणि घेणारे केलं. मुलं रंगली. मीही रंगले, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा मनात वाक्य न वळवता बोलू लागले. एका पोराने हातात दोडका धरला आणि पडवळ म्हणाला.

“नाय रे, नीट बघ,” मी म्हटलं.

पहिल्या रांगेतून टाळी आली. बाईंची. सवयीने, मला वाटतं. वाजवल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले, पण तोवर मागच्या वर्गाने वाजवली होती. मुलांनी मागे वळून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खेळ त्यांच्या लक्षात आला.

मग एका मुलीने वांगं उचललं. “बाई, हा भोपळा का?”

“नाही,” मी म्हटलं.

“हे गाजर का?” दुसऱ्याने कांदा दाखवला.

“नाही.”

सगळी चौथी हात वर धरून, टाळीच्या तयारीत, माझ्या तोंडाकडे बघत होती. मिरचीला केळं म्हणाली. भेंडीला आंबा म्हणाली. मी ‘नाही, नाही’ म्हणत राहिले. शेवटी कुणीतरी टोमॅटो फेकला, तो माझ्या साडीवर फुटला, आणि माझ्या तोंडून निघालं, “असं नाय करायचं.”

एवढी मोठी टाळी मी त्या सभागृहात कधी ऐकली नव्हती. माझी सोबतीणही वाजवत होती. तिचा पाठ माझ्यानंतर होता.

पाहुण्यांनी बाईंना हिंदीत विचारलं, “ये ताली किसलिए?” बाईंनी समजावून सांगितलं. ही मुलगी गावंढळ बोलते, आम्ही तिला सुधारतो आहोत. पाहुण्यांनी मान हलवली आणि ते आपल्या बुटांकडे बघत बसले. मी खाली वाकून भाजी पिशवीत भरली. सोबतिणीच्या पाठाला सभागृह शांत होतं. संध्याकाळी तिचं नाव जाहीर झालं.

बिरवाडीला परत जाताना ती म्हणाली, “तुझे तक्ते मी नेऊ का गं? तुला आता कुठे लागणार आहेत.”

मी दिले. फळांचे, प्राण्यांचे, ऋतूंचे, सगळे मी हाताने रंगवलेले होते.

ती जाऊन आली तोवर मला पोलादपूरजवळच्या एका हायस्कुलात नोकरी लागली होती. ती भेटायला आली, अंगाने भरलेली, माझ्यासाठी तिथल्या व्हॅनिलाच्या चहाचा पुडा घेऊन. शाळेच्या पायरीवर बसून तिने सांगितलं, की ती त्याच पाहुण्यांच्या घरी राहिली. घरातली म्हातारी माणसं मोडकी-तोडकी मराठी बोलायची, तीही अगदी आमच्या वाडीसारखी. नाय, हाय, आमी, तुमी. पाहुणेही घरात तसेच.

“एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही तिला का नाही घेतलंत,” ती म्हणाली. “पाठ तर तिचाच चांगला होता.”

“मग?”

“म्हणाले, ती पोरगी माझ्या आजीसारखी बोलत होती. अगदी तशीच. म्हणून नाय घेतली. आमच्या पोरांच्या बोलण्यावर उद्या कुणी अशा टाळ्या वाजवू नयेत.”

हे ऐकून मला बरं वाटेल असं तिला वाटलं असावं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबली. मी विचारलं, “तक्ते आणलेस का परत?” ते तिथल्या शाळेने ठेवून घेतले होते.

शनिवारी मी तो चहा वाडीवर नेला. आईने उकळला, गूळ टाकला, एक घोट घेतला.

“साबनाचा वास येतोय,” ती म्हणाली, आणि सगळं पातेलं परसात ओतून आली.