मामाच्या नावाचा रेडिओ

पार्सल पंधरा दिवस उतरंडीशेजारी तसंच पडून होतं. त्याची सुतळीसुद्धा कुणी सोडली नव्हती. माणिकमामा शाळेतून आला की त्याच्याकडे पाहायचा, "रविवारी बसतो," म्हणायचा, आणि रविवारी त्याला नेमकं रिसोडला काम निघायचं.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. माझा मामा केनवडच्या शाळेत शिपाई होता. हेडमास्तरांच्या वर्तमानपत्रात त्यानं जाहिरात पाहिली होती: घरबसल्या रेडिओ जोडायला शिका. दर दोन महिन्यांनी टपालानं एक हिंदी पुस्तक यायचं, सोबत प्रश्नांचा कागद. उत्तरं लिहून पाठवायची. शेवटी सगळे सुटे भाग यायचे आणि त्यातून एक रेडिओ उभा करायचा. मामानं पुस्तकं वाचली नाहीत असं नाही. पहिली दोन वाचली. तिसऱ्यात रेघांचा आणि खुणांचा नकाशा आला, तिथे तो थांबला.

पुढची पुस्तकं मामीनं वाचली. उत्तरंही तीच काढायची आणि मामा ती आपल्या अक्षरात उतरवून पाठवायचा. यात लपवाछपवी होती असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. घरातली कितीतरी कामं अशीच एकाच्या हातानं होतात आणि दुसऱ्याच्या नावानं दाराबाहेर जातात.

पंचफुलामामी सातवी झालेली होती. लग्नाआधीपासून ती लोकांच्या मळ्यात मिरचीला पाणी द्यायला जायची. तो नकाशाही तिनं पाण्यासारखाच वाचला. विहिरीपासून पाट निघतो. एका वाफ्याचं तोंड उघडलं की दुसऱ्याचं बंद करावं लागतं. पाणी जोरात आलं तर मातीचा वरंबा फुटतो, म्हणून मध्ये दगड घालून ते अडवावं लागतं. सेलमधून निघणारा करंट तसाच. पुस्तकातली नागमोडी खूण म्हणजे अडवलेलं पाणी. समोरासमोरच्या दोन उभ्या रेघा म्हणजे डबकं, आधी भरणारं आणि मग सोडणारं. हे तिनं फक्त एका माणसाला समजावून सांगितलं होतं, तिच्या नणंदेला. लिला तेव्हा अठराची होती. ती माझी आई.

लिलाचं लग्न जऊळक्याला ठरलं. मुलगा, म्हणजे माझे वडील जानराव, रेल्वेत गँगमन होते. मुलाकडच्यांनी हुंड्याचं नाव काढलं नाही. धम्मदीक्षा घेतलेल्या घराला ते शोभलंही नसतं. फक्त मुलाची आई उठता उठता सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "आमच्या जानरावले रेडिओचा लई शौक हाये." माझे आजोबा दौलतराव हातातला कप खाली ठेवायच्या आत बोलून गेले, "मंग त्यात काय? आमचा माणिक घरीच बनवते. त्याच्याच हातचा देऊ."

मामा दारात उभा होता. त्यानं मान हलवली. पाहुणे बसस्टँडकडे गेल्यावर मामीनं पार्सलाची सुतळी सोडली.

शाळा अकरा ते पाच. तेवढ्या वेळात नणंद-भावजय ओसरीवर बसायच्या. गावात वीज आली होती, पण मामाच्या वस्तीपर्यंत तिचे खांब पोचले नव्हते, म्हणून तारांच्या जोडांना डाख द्यायची तांब्याच्या टोकाची सळई शेगडीत तापवावी लागायची. ती लालबुंद होऊन चालत नाही, थंड पडूनही चालत नाही. लिला निखाऱ्यांवर फुंकत बसायची आणि मामी सळई गालाजवळ आणून तिची धग जोखायची.

"फुक ना लिले. झोपली काय?"

"डोये जळून राह्यले वैनी."

"जळू दे. उद्या सासू जाळन तेव्हा सवय राह्यन."

"माही सासू गरीब हाये."

"रेडिओ मांगेपरेंत सगळ्या गरीबच असते," मामी म्हणायची, आणि कथिलाची तार राळेत बुडवून इतक्या हलक्या हातानं टेकवायची की जोडावर ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत थेंब उभा राहायचा. तो मळकट दिसला तर ती पुन्हा उकलायची. राळेचा वास घरभर भरून राहायचा. आजी ओरडायची की भाकरीलाही हाच वास येतो.

ट्रान्झिस्टर नावाचा एक चिमुकला तीन पायांचा भाग तिच्या हातून जास्त तापला आणि गेला. तो आणायला मामी एकटी एसटीनं रिसोडला गेली. दुकानदारानं विचारलं, "कोनाले पाह्यजे?" ती म्हणाली, "घरच्याईले." परत आल्यावर तिनं हे हसत हसत सांगितलं. "त्यानं तीनदा समजावलं, घरी जाऊन मालकाले असं सांगजा, तसं सांगजा. म्या म्हटलं, सांगतो."

मामाचा या सगळ्याला विरोध नव्हता. सुरुवातीला "करंट लागन, हात नोको लावू," एवढं म्हणून झालं. नंतर तो संध्याकाळी येऊन डबा उचलून पाही, "बरं चाललं," म्हणे. एकदा तो स्वतःहून राळही घेऊन आला.

विसाव्या की बाविसाव्या दिवशी मामीनं सेल घातले. नुसती खरखर. मग तिनं कॉइलचा बारीक स्क्रू कानानं लावायला घेतला. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मध्ये श्वास रोखून थांबायचं. आई सांगते, आधी कुणीतरी लांब विहिरीत बोलतंय असं वाटलं. मग तो आवाज जवळ आला आणि एक बाई स्वच्छ मराठीत कापसाचे भाव सांगू लागली. परभणी केंद्र होतं. लिलानं टाळी वाजवली. मामीनं तिचा हात धरला.

"हयू वाजव. शेजारचे येतीन."

"येऊ दे ना!"

"थांब जराक. आपन ऐकू आधी."

त्या दोघींनी कापूस ऐकला, ज्वारी ऐकली, तूर ऐकली. भाव संपल्यावर लिला म्हणाली, "वैनी, याच्यावर तुयंच नाव घालू."

"लोक हासतीन."

"हासू दे. मांडवात मी सोता सांगन, माया वैनीनं बनवला. सांगन म्हंजे सांगन."

मामीनं पदरानं डब्यावरची धूळ पुसली, नसलेली.

आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. मामीच्या घरात जेवढी पितळ-स्टीलची भांडी होती, त्या सगळ्यांवर नावं होती. बापाचं, भावाचं, सासऱ्याचं, कुठल्या कुठल्या मावसकाकांचं. खाली गाव आणि 'यांजकडून'. रोज घासताना ती नावं तिच्या बोटांखालून जायची. त्यात बाईचं नाव एकही नव्हतं. म्हणून तिनं वहीचं पान फाडलं आणि शाळेतल्यासारखं वळणदार लिहिलं: सौ. पंचफुला माणिकराव अंभोरे, केनवड, यांजकडून. आयुष्यात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट, असं आई म्हणते. मामा आणि लिला लग्नाची भांडी घ्यायला रिसोडला निघाले, तेव्हा तिनं तो कागद लिलाच्या मुठीत दिला. पितळेची पट्टीही तिनंच कापून, घासून दिली होती.

संध्याकाळी पट्टी परत आली. तिच्यावर ठोकलेलं होतं: माणिकराव दौलतराव अंभोरे, केनवड, यांजकडून.

मामीनं ती उजेडात धरून दोनदा वाचली. "चिठ्ठी देल्ली नाई काय?"

"दादा संगच व्हता वैनी. नाव घालनाऱ्यानं त्यालेच विचारलं." लिला तिच्याकडे न पाहता ताटं मोजत होती. "म्या काय म्हनू तिथं, दुकानात? मांडवात सांगतो ना मी."

मामीनं पट्टी रेडिओच्या पाठीवर आपल्या हातानं बसवली. दोन्ही स्क्रू नीट आवळले. लिला सांगणार होती.

लग्न वैशाखात झालं. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, आणि आहेर वाचायला सुरुवात झाली. रेडिओ शेवटी ठेवला होता. वाचणाऱ्यानं आवाज चढवला. "वधूचे बंधू माणिकराव अंभोरे यांजकडून, त्यांनी स्वतःच्या हातानं तयार केलेला रेडिओ!" मांडवात टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "वा रे इंजिनेर!" मामानं टोपी सरळ केली. त्यानं मामीकडे पाहिलं आणि हसला, आपल्या दोघांतली गंमत आहे तसं.

मामी नवरीच्या मागे दोन हात अंतरावर उभी होती, फुलांचं रिकामं ताट घेऊन. नवऱ्याची आई लिलाकडे वळून म्हणाली, "खरंच काय वो, भावानंच बनवला?"

मांडवातला हाच प्रश्न मामीनं महिनाभर मनात ऐकला होता.

"हो," लिला म्हणाली. "दादानंच."

कुणी तिचा हात दाबला नव्हता, कुणी डोळे वटारले नव्हते. आई हे स्वतः सांगते, स्वतःला वाचवत नाही.

दोन वर्षं रेडिओ जऊळक्याला चांगला चालला. स्टेशनजवळच्या रेल्वेच्या खोल्यांमध्ये तो पहिलाच. गँगची माणसं संध्याकाळी हातपाय धुऊन आमच्या दारात येऊन बसायची, आणि वडील प्रत्येकाला सांगायचे, माझ्या साळ्यानं बनवला. मग एका उन्हाळ्यात स्टेशन लावायच्या काट्याची दोरी तुटली. काटा एका जागी अडकला. तिथल्या एका घड्याळवाल्यानं तो उघडून पाहिला आणि तसाच बंद केला. म्हणाला, ही दोरी कुठून कुठं गेली ते ज्यानं ओवली त्यालाच ठाऊक.

आई-वडील रेडिओ घेऊन केनवडला आले. जेवणं झाली. मामानं पाठ उघडली, दोरी एका चाकावर गुंडाळली, ती सुटली. पुन्हा गुंडाळली. आता काटा उलटा पळायला लागला.

"तुमीच बसवली व्हती ना माणिकभाऊ?" वडिलांनी साधेपणानं विचारलं.

"लई दिस झाले ना जावाईबापू." मामाच्या कपाळावर घाम होता.

लिला चुलीकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "वैनी, जराक या ना."

मामी हात पुसत आली, बसली. दोरीचं टोक दातात धरलं, मोठ्या चाकावर दोन वेढे, स्प्रिंगमधून एक, काट्याखालून नेऊन पलीकडे गाठ. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिनं बटण फिरवलं, काटा सरकला, आणि ओसरीवर गाणं आलं.

वडील बघतच राहिले. "अवो वैनी! तुमाले कसं काय येते हे? तुमीच त नाई ना बनवला?"

ते हसत होते. मामा भिंतीकडे पाहत होता. मामीनं लिलाकडे पाहिलं आणि वाट पाहिली. आता इथे मांडव नव्हता, सासू नव्हती. लिलाचाच भाऊ, लिलाचाच नवरा, आणि ज्या जागी ती निखारे फुंकत बसायची तीच ओसरी.

"दादानं शिकवलं तिले," लिला म्हणाली. "पाहून पाहून येतेच ना."

"हो," मामा भिंतीकडून वळला. "म्याच शिकवलं."

"वा माणिकभाऊ!" वडिलांना भरून आलं. "बायकोले रेडिओ शिकवनारा मानूस म्या पह्यल्यांदा पायला."

मामी उठली. "चहा ठेवतो," म्हणाली.

लिला तिच्या मागोमाग आत गेली. तिला रडू येत होतं. "वैनी, आयक ना. सासूबाई म्हनतीन, बाईनं जोडलेलं खेळनं देल्लं आमाले. फसवलं म्हनतीन. दोन वर्सं झाले सगळ्याईले सांगून, आता मी कोन्या तोंडानं..."

मामीनं चुलीत काडी सारली.

"मले समजते लिलाबाई," ती म्हणाली. "साखर किती टाकू तुमाले?"

ज्या घरात लिला जन्मली, तिथे तिला साखर किती लागते हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या अभ्यासाचा शेवटचा प्रश्नांचा कागद लग्नाच्या गडबडीत भरायचा राहून गेला होता; तो पुढच्या महिन्यात टपालानं पुन्हा आला. मामीनं तो उघडला नाही आणि मामाला तो लिहिता आला नाही, त्यामुळे प्रमाणपत्र आलंच नाही. मामा म्हणायचा, शाळेच्या कामातून वेळच भेटला नाही. सळई मामीनं चुलीतली लाकडं सारायला घेतली. पुढे ती रोजगार हमीच्या कामावर गेली, मग बरीच वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. शेजारणींचे रेडिओ बिघडले की लोक मामालाच आणून द्यायचे, आणि तो ते रिसोडला नेऊन दुरुस्त करून आणायचा. मामी त्या रेडिओंकडे नजर टाकायची नाही.

मी एम.ए.ला असताना आईला विचारलं, मामी तुझ्यावर रागावली होती का?

"रागावली असती त बरं झालं असतं," आई म्हणाली. "एक डाव भांडली असती त म्या पाय धरले असते."

ती भांडली नाही. आई माहेरी गेली की मामी सतरंजी अंथरायची. पाणी तांब्यात आणून द्यायची. निघताना साडी-चोळी, डब्यात लाडू, सगळं रीतीप्रमाणे. "बसा लिलाबाई. जेवून घ्या लिलाबाई." चोवीस वर्षं. मामी वारली तोपर्यंत माझ्या आईला त्या घरात माठातलं पाणी एकदाही आपल्या हातानं घेता आलं नाही.