महाराजांचा उसना कान

टांकसाळीत त्यांना सगळे नाकवाले म्हणत. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी नाण्यांसाठी घडवलेल्या चेहऱ्यांची नुसती नाकं दुरुस्त केली होती. आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे, त्यामुळे मला आतलं सगळं ठाऊक आहे. जे ठाऊक नव्हतं ते त्यांच्या बायकोने न विचारता सांगितलं.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांना पहिल्यांदाच अख्खा चेहरा मिळाला. वेदान्तावर प्रवचनं करणाऱ्या एका महाराजांच्या जन्मशताब्दीचं नाणं निघणार होतं. साचा महाराजांच्या सर्वांत जुन्या शिष्याने पसंत करायचा. नापसंत झाला, तर काम जाणार कॉम्प्युटरकडे आणि हे घरी जाणार ते नाकवाले म्हणूनच.

महाराजांचा फोटो एकच, तोही समोरून, डोक्यावरची शाल भुवयांपर्यंत ओढलेली. नाण्यावर चेहरा हवा बाजूने. त्यात साहेब म्हणाले, शाल काढा, महाराजांना सर्दी झाल्यासारखी वाटते. शाल काढली आणि कान उघडा पडला. तो कसा होता, हे कुणालाच माहीत नव्हतं.

चार दिवस हा गृहस्थ रस्त्यात लोकांचे कान बघत हिंडला. भाजीवालीने तर पदर डोक्यावरून घेतला. पाचव्या दिवशी हवा तो कान घरातच दिसला: पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांचा. लांब, भरदार पाळीचा, साक्षात विरक्ताचा कान. कानाखालचा माणूस मात्र तसा नव्हता. चहाचं आधण ठेवलेलं त्यांना दोन खोल्या पलीकडून कळे, पण टीव्ही बारीक करा म्हटलेलं शेजारी बसून ऐकू येत नसे.

सासरे रोज सकाळी स्टुलावर बसू लागले. आधी उशी मागितली, मग पंखा. तिसऱ्या दिवशी न्हाव्याला बजावून आले, "जपून. हा सरकारी कान आहे." मला भेटले की मान वळवून उभे राहायचे. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूने जायचो.

पसंतीच्या दिवशी नव्वदीचे शिष्य आले. ताटाएवढ्या प्लास्टरच्या साच्यावर त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. कानापाशी बोट थांबलं.

"अगदी हाच," म्हातारा म्हणाला. "रोज मी तेल घालायचो यात. कधी कुणाचं ऐकलं नाही याने."

साहेबांनी सही करायला पेन काढलं.

"पण शाल कुठे गेली? माझ्याखेरीज हा कान कुणी बघितलेला नाही. शाल घाला, मग माझी पसंती."

झालं. तीन आठवड्यांचा कान शालीखाली जाणार. चेहरा पसंत झाला होता, पण घरी सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? नाकवाल्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी शाल कोरताना कडेला तांदळाच्या दाण्याएवढी पाळी बाहेर ठेवली. साहेबांनी विचारलं, हे काय? नाकवाले म्हणाले, शालीची घडी.

सासऱ्यांना नाणं दिलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट केलं.

"जावईबापू, कान कुठाय माझा?"

नाकवाल्यांनी भिंग दिलं आणि टाचणीचं टोक त्या पाळीवर ठेवलं. सासरे बघत राहिले. मग म्हणाले, "विनयशील आलाय."

आता सासरे नाणं आणि भिंग खिशात घेऊनच फिरतात. मीही भिंगातून दोनदा पाहिलं. मला घडीच दिसते, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलंही. त्यांना ऐकू आलं नाही.