डावीकडच्या कुंड्या

ऐंशीच्या दशकात शिरोड्याजवळ बटाट्याची एक छोटी लॅब होती आणि मी तिथे सहायक होतो. "दर्याकाठी बटाटो कोण लायता रे?" म्हणून लोक हसायचे. खरंच कोणी लावत नव्हतं! भातानंतर चार हौशी शेतकरी लावून बघत आणि त्यांच्या बियाण्यात व्हायरस आहे का, ते आम्ही सांगायचो. काम बेताचं, किस्से मात्र पोतंभर. जुने दोघे-तिघे भेटले की पोत्याचं तोंड सुटतंच.

मशीन वगैरे काही नव्हतं. बटाट्याच्या पानाचा रस काढायचा आणि कुंडीतल्या तपासणीच्या रोपांवर बोटाने चोळायचा. व्हायरस असेल तर आठवड्याभरात पानांवर ठिपके उठत. तुलनेसाठी डावीकडे मुद्दाम रोगट ठेवलेल्या कुंड्या, उजवीकडे निरोगी. उजवीकडे ठिपका दिसला की सगळी तपासणी बाद!

कुंड्यांचं सगळं भिकूमामा बघायचे. लॅबचे शिपाई, माळी आणि आमचे पालकही तेच! मामा नवीन असताना एका सकाळी खुशीत म्हणाले, "सगळी रोगट झाडां उपटून टाकलंय. आता लॅब कशी बरी दिसता!" लॅबचे प्रमुख देसाई साहेब डोक्याला हात लावून बसले. वर्षभर जपलेला रोग खतात गेला होता.

*

एकदा एक आजी पानं तपासायला घेऊन आल्या. रोग निघाला. त्या घाबरल्या. "ह्या झाडाचे बटाटे आमी खाल्ले. माका काय होयत?"

"काही नाही, आजी. हा रोग माणसाला लागत नाही."

"मगे इतक्या बोंबलूक काय झालां?"

*

हंगामाच्या सुरुवातीला मामा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. आम्ही मागे हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा, ह्या लॅबीत रोगराई येव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

देसाई साहेब हळूच म्हणाले, "मामा, रोगच आला नाही तर आपण तपासणार काय?"

मामांनी डोळेही उघडले नाहीत. "आणि इलीच, तर डावीकडच्या कुंड्यांतच येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

*

देवाने ऐकलं नाही. त्याच हंगामात उजवीकडे ठिपके आले! माती बदलली, पाणी उकळलं, तरी ठिपके. शेवटी साहेबांची नजर मामांच्या तळहातावर गेली. मामा तंबाखू मळत होते. तंबाखूच्या पानातला व्हायरस वाळला तरी मरत नाही, हातावरून थेट रोपावर जातो!

मामांनी त्या दिवशी तंबाखू सोडली. मग दारात बादली आणि लाल साबण आला. हात धुतल्याशिवाय ते देसाई साहेबांनाही आत सोडत नसत. उजवी रांग मात्र लख्ख झाली.

*

मग वरच्या ऑफिसने आमची परीक्षा घेतली. तेच दहा नमुने त्यांनीही तपासले, आम्हीही. आमच्याकडे तीन रोगट, सात चांगले. त्यांच्याकडे दहाच्या दहा रोगट! चूक अर्थात आमचीच. लॅब बंद करायची ऑर्डर घेऊन मोठे साहेब स्वतः आले. मामांना या वयात दुसरी नोकरी कोण देणार? मला तर रडूच येत होतं.

मोठे साहेब ऐसपैस बसले. ऑर्डरचा लिफाफा टेबलावर ठेवला. "तुमचे हात कच्चे. आमच्याकडे दोन वर्षांत एकही नमुना चांगला निघालेला नाही!"

"आणि निरोगी रांग?" देसाई साहेबांनी विचारलं.

"तिच्यावरही ठिपके येतात. हवेचा दोष. ते आम्ही धरत नाही." बोलता बोलता त्यांनी खिशातून डबी काढली, तळहातावर चिमूट घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने सावकाश मळली. तोंडात टाकून हात झटकले नि उठले. "चला, रस कसा चोळतात ते दाखवतो." आणि उजवीकडच्या कुंडीकडे हात नेला.

मामा मध्ये उभे राहिले. एका हातात बादली, दुसऱ्या हातात साबण.

"सायबानू, आदी हात धुवा."

मोठ्या साहेबांनी मामांकडे बघितलं, मग उजव्या रांगेकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे. नंतर मुकाट्याने हात धुतले, पुसले आणि लिफाफा उचलून पिशवीत परत घातला.

दारातून वळून त्यांनी हळूच विचारलं, "मामा, हा साबण कुठला वापरता?"