फाइलीत न लिहिलेली दारू

रुग्णालयात तिला सगळे आकडेबाई म्हणत. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून असलेल्या रेकॉर्ड विभागात ती एकोणीस वर्षं बसत होती. डॉक्टरांनी फाइलीत लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा, हे तिचं काम. दारूच्या बाबतीत हे काम फार किचकट. दारूचा गैरवापर वेगळा, दारूवाचून शरीराचं अडणं वेगळं आणि दारू अचानक सुटल्यावर होणारा त्रास आणखी वेगळा. डॉक्टर घाईत 'दारू घेतो' एवढं खरडून मोकळे होत. मग आकडेबाईची चिठ्ठी वर जाई : 'कृपया स्पष्ट लिहावे.' डॉक्टर त्या चिठ्ठ्यांना थट्टेने प्रेमपत्रं म्हणत आणि उत्तर द्यायचं सगळेच टाळत.

नियम एकच होता. डॉक्टरांनी लिहिलं नाही, ते कोड देणाऱ्याने मनाने धरायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे एका शिंप्याची फाइल आली होती. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला, धडधाकट. दारूच्या रकान्यात 'नाही'. तिसऱ्या दिवशी नर्सने थरथर लिहिली, भिंतीशी बोलतो म्हणून लिहिलं, आणि चौथ्या दिवसानंतरची पानं कोरी होती. माणूस गेल्यावरही त्याची फाइल कोड करावीच लागते. तिने ती केली, पण तेव्हापासून 'तिसरा दिवस' हे शब्द वाचले की ती दारूचा रकाना पुन्हा उघडून बघायची.

तिचा मोठा भाऊ मालाच्या गोदीत क्रेन चालवायचा. रविवारी तो जिन्यावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि तिच्याच रुग्णालयात दाखल झाला. सोमवारी ऑपरेशन झालं. दादा घेतो हे तिला माहीत होतं. किती घेतो, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. 'दादाला बरं नाही' एवढ्यावर सगळं भागत आलं होतं.

दाखल रुग्णांच्या फाइली ती रोज सकाळी संगणकावर चाळायची. मंगळवारी दादाची फाइल समोर आली. नातेवाइकाची फाइल हाताळायची नसते, म्हणून ती शेजारच्या टेबलावर द्यायला निघाली आणि नजर नर्सच्या नोंदीवर पडली. 'हात थरथरतात. खूप घाम. नाडी एकशे चोवीस. चादरीवर मुंग्या आहेत म्हणतात.' खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'वेदनेमुळे अस्वस्थ.' दारूच्या रकान्यात 'नाही'.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे मास्तर म्हणत, सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून. त्याला ती म्हणाली, "ही फाइल तुम्ही घ्या. माझ्या भावाची आहे." आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले जिने चढून गेली.

दादा पलंगावर बसल्या जागी चादर झटकत होता. कपाळावरून घाम निथळत होता.

"दादा, शेवटची कधी घेतलीस?"

"काय घेतली? तू तुझे आकडे बघ."

वहिनीने तिला मनगट धरून दाराबाहेर ओढलं. "वन्सं, तुमच्या पाया पडते. एकदा लिहिलं की लिहिलं. क्रेनवरून उतरवतील त्यांना."

"वहिनी, रोज किती घेतात?"

वहिनी अगदी हळू म्हणाली, "सकाळी उठल्यापासून."

"तोंड धुवायच्या आधी?"

वहिनीने मान हलवली.

व्हरांड्याच्या टोकाला हाडांचे तरुण डॉक्टर फोनवर बोलत होते. तिथवर वीस पावलं असतील. तेवढ्यात तिला दादाचा चेहरा दिसला, त्याची नोकरी दिसली, आणि त्या शिंप्याची कोरी पानंही दिसली. ती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, मी रेकॉर्डमधली म्हणून आलेली नाही. बारा नंबरच्या पेशंटची बहीण आहे. तो सकाळपासून दारू पितो, रोज. दारू बंद होऊन आज तिसरा दिवस आहे."

डॉक्टरांनी फोन खाली घेतला. "फाइलीत तर 'नाही' असं लिहिलंय."

"खोटं आहे ते. आम्हीच सांगितलंय."

ते धावत निघाले. पलंगापाशी पोचतात तोच दादाचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. वहिनी भिंतीला पाठ लावून खाली बसली. डॉक्टर नर्सला इंजेक्शनचं नाव मोठ्याने सांगत होते आणि आकडेबाई मोडलेला पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी होती. झटके किती वेळ चालले, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

पाच दिवस दादा अतिदक्षता विभागात होता. काचेपलीकडून तो तिच्याकडे बघायचा, पण ओळखायचा नाही. ती जेवणाच्या सुट्टीत जीव मुठीत धरून वर जायची आणि खाली येऊन परक्यांच्या फाइली कोड करायची. सहाव्या दिवशी त्याने वहिनीकडे पाणी मागितलं.

डॉक्टरांनी शेवटच्या कागदावर 'दारूचा इतिहास' एवढंच लिहिलं. मास्तरने चिठ्ठी पाठवली, तेव्हा त्यांनी नीट लिहिलं : दारूवर अवलंबित्व, दारू सुटल्यामुळे झटके आणि भ्रम. मास्तरने कोड टाकले आणि तिला दिसू नये म्हणून स्क्रीन दुसरीकडे वळवली.

दादाची क्रेन गेली. त्याला गोदामात माल मोजायला बसवलं. आठ महिने तो बहिणीशी बोलला नाही. तिचा फोन वहिनी घ्यायची आणि "बरे आहेत" म्हणून ठेवायची. त्या दोन शब्दांमागे काय असेल, या विचाराने तिला घास जात नसे.

मग एका दुपारी काठी टेकत तो रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी आला. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना जुने कागद हवे होते. त्याने ते तिथेच उभ्याने वाचले.

"हे आता जन्मभर असंच राहणार?"

"बरा राहिलास तर कोडचा शेवटचा आकडा बदलतो. पण डॉक्टरांनी लिहायला लागतं."

"आणि परत घेतली तर?"

तिने कागदांचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "मला पण भीती वाटते गं," तो म्हणाला, आणि अर्जावर सही करायला तिच्याकडून पेन मागून घेतलं.

पुढच्या वर्षी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी लिहिलं, आता दारू सुटली आहे. ते मास्तरने तिला वाचून दाखवलं. वहिनीचा फोन वाजला की मात्र आकडेबाई अजूनही तो लगेच उचलत नाही, आधी खुर्चीत नीट बसून घेते.