न दुखणारी गाठ

लवंगेच्या तेलाचा वास आला की मला माझी थोरली जाऊ आठवते. एकदा माझी दाढ किडली होती, तिला मी लवंगेचं तेल लावत होते, आणि जबड्याखाली बोराएवढी गाठ आली होती. हात लावला तरी कळ जायची. मी रडकुंडीला आले, तेव्हा शेतातलं निंदण अर्धवट टाकून जाऊ माझ्यासोबत चांदूर रेल्वेहून अमरावतीला डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी गाठ बोटांनी चाचपली. "दाढेमुळे आलीय. मऊ आहे, सरकते, दुखते. दाढ बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत उतरेल." जाऊ हसून म्हणाली, "मी हिले तेच सांगून राहिली होती. मले तं दोन महिन्यांपासून आहे, दुखत बी नाई." तिनं पदर सरकवून गळ्याखालच्या हाडाच्या वरची जागा दाखवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिची गाठ टणक होती, जागची हलत नव्हती. वजन उतरलंय का, संध्याकाळी ताप येतो का, असं त्यांनी विचारलं; ती दोन्हीला हो म्हणाली. "दुखत नाही म्हणून थांबलात, पण अशीच गाठ लवकर दाखवायची असते." सुईनं घेतलेल्या नमुन्यात पुढे क्षयरोग निघाला. सहा महिने तिनं नेमानं गोळ्या घेतल्या आणि ती ठणठणीत झाली. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीची जागा मला दिली होती, आणि मी वाटभर माझ्याच दुखण्याबद्दल बोलत होते. भीती वाटतेय का, एवढंही मी तिला विचारलं नाही. त्याचं अजून ओशाळायला होतं.