बिनफळाचे वेल

मार्थाबाईंचं नाव आधी लिहितो. पारनेरजवळ मी ज्या शेतावर कामाला आहे त्या प्लॉटला लागून त्यांचं घर आहे. शाळेत विज्ञान शिकवून त्या रिटायर झाल्या. त्या नसत्या तर मी केव्हाच गावाकडे, गडचिरोलीच्या गाडीत बसलो असतो.

झालं असं, की करटुल्याच्या वेलांवर फुलं भरपूर आणि फळ एकही नाही. फुलामागची बारीक काटेरी गोळी पिवळी पडायची, हात लावला की गळायची. आमच्याकडे या भाजीला काटवल म्हणतात. पण आम्ही ती जंगलातून तोडून आणतो, लावत नाही. माझी शाळा आठवीतच सुटली. एवढ्या लांब येऊन कारण विचारणार कोणाला? पीक गेलं तर काम जाणार, राहायची खोलीही जाणार. जेवण गोड लागत नव्हतं.

मालक विलासराव पूर्वी सुप्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. करटुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ फक्त मादीला. नराला नुसती फुलं, तीही ढीगभर. कळ्या दिसायला लागल्या तेव्हाच विलासरावांनी राउंड मारून सांगितलं होतं, "खत खातो, पाणी पितो, आउटपुट शून्य. असला माणूस मी लाइनवर ठेवला नाही. काढ." मी सगळे नर उपटले.

गळालेल्या गोळ्या ओंजळीत घेऊन मी कुंपणापाशी उभा होतो. मार्थाबाईंनी विचारलं, नर कुठे आहेत? मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सरळ प्लॉटवर आल्या आणि विलासरावांना बोलावून घेतलं.

विलासराव ऐकेनात. त्यांचा मुद्दा मलाही पटत होता. गेल्या वर्षीचे कंद जमिनीत होते, त्यातूनच वेल आले, मग नर लागला कुठं?

"वेल आला विलासराव, फळ कुठंय?" बाई म्हणाल्या. "नराच्या फुलातली भुकटी लागल्याशिवाय मादीचं फूल फळ धरत नाही. आणि कंद म्हणजे झेरॉक्स. एका कंदाचे सगळे वेल एकसारखे. एकाला जी बुरशी लागेल ती सगळ्यांना लागणार. बी दोघांचं मिळून होतं, म्हणून प्रत्येक रोप वेगळं. रोग नवी किल्ली घडवत राहतो, म्हणून वेलाला नवी कुलपं लागतात. त्यासाठी हा नर पोसायचा."

खुरपणाऱ्या बाया थांबून ऐकत होत्या. त्यांतल्या थोरल्या कौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी बाप्ये अगदीच वाया न्हाईत म्हना की."

"अगदीच नाही, एवढंच म्हणते," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. नराचं फूल स्वस्तात होतं, म्हणून तो उधळतो. मादीला फळ पोसायचं असतं, म्हणून ती मोजकी फुलं काढते. माणसातही जिच्यावर लेकराचं ओझं जास्त, ती पारखून घेते. फक्त माणसाचं लेकरू लवकर उभं राहत नाही, एकटीला ते झेपत नाही. म्हणून बाप्यालाही थांबावं लागलं.

"आमच्या धन्याला सांगा जरा येऊन," कौसाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. विलासरावही हसले आणि तिथेच ढिले पडले. "बरं, आता करायचं काय?"

बाईंच्या कुंपणावर नर वेल होते. रोज सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही त्यांची फुलं तोडायचो. पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतली पिवळी भुकटी, म्हणजे पराग, मादीच्या फुलाला हलकेच टेकवायची. एक नर फूल बऱ्याच माद्यांना पुरतं.

सुरुवातीला गळ थांबली नाही. आधीची फुलं गेली ती गेलीच. मग एका सकाळी हात लावला ती गोळी गळली नाही. हिरवी, घट्ट. शेजारचीही तशीच. मी ओळीच्या टोकापर्यंत एकेक चाचपत गेलो आणि तिथून कौसाबाईंना जी हाक मारली, ती ऐकून विलासराव चहाचा कप हातात घेऊनच पळत आले.

पारनेरच्या बाजारात आमची करटुली क्रेट उघडायच्या आत संपली. खोली माझीच राहिली. विलासरावांनी दहा माद्यांमागे एक नर लावून घेतला. पाहुण्यांना नर वेल दाखवून ते सांगतात, "हे मेंटेनन्सवाले. काम दिसत नाही, पण यांना काढलं की लाइन बंद." मी एवढंच शिकलो, की उपटायच्या आधी विचारावं, लाज वाटली तरी.

बाईंनी भाजी तेवढी घेतली, बाकी काही नाही. पुढे कधी गावी जाईन तेव्हा आमच्या जंगलातल्या पिकल्या काटवलाचं बी आणणार आणि त्यांच्या कुंपणाला लावून देणार. नर निघेल की मादी, ते फुलल्यावरच कळेल. काहीही निघो, पाणी मीच घालीन.