सैल दोऱ्या

आमच्या माहेरी, नांदेडात, अजून असंच सांगतात की ताईनं काढलेलं विमान पडलं. ते विमान नव्हतं, हँग ग्लायडर होतं. आणि ते पडलं नाही, पाडलं. पण हे ऐकायला कुणाला वेळ हाय?

मी लातूरला पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवते. धाकटा भाऊ पुण्याकडून ग्लायडर उडवायला शिकून आला. कापडी पंखाखाली पालथं लटकायचं, हातातल्या दांड्यानं तोल सांभाळायचा. त्याचं शिकाऊ ग्लायडर एकेरी कापडाचं, गरीब गायीसारखं. वारा वाढला की जागच्या जागी. शर्यतीचं दुहेरी कापडाचं, चपळ, पण चूक माफ करत नाही. "ताई, मधलं काहीतरी काढून दे," म्हणाला.

मी काढलं. वर्षभर सुट्टीच्या दिवशी एसटीनं नांदेड गाठून भावाबरोबर ते बांधलं. खालचं कापड पंखाच्या पुढच्या निम्म्या भागालाच दिलं, म्हणजे वेग मिळेल आणि उतरताना जिवावर बेतणार नाही. पंखावर मधोमध उभी असते ती काठी जुनाट दिसते, काढून टाक, म्हणत होता. मी ठेवली. तिच्या शेंड्यापासून पंखाच्या मागच्या काठापर्यंत दोऱ्या जातात. एरवी उडताना त्या सैलच असतात. नाक फारच खाली गेलं तर ताणतात, मागचा काठ वर धरतात आणि ग्लायडर सावरतं. हे सगळं मी त्याला कागदावर काढून समजावलं होतं. छोट्या उतारावर त्यानं ते उडवून बघितलं, लई खूश झाला.

मोठं उड्डाण खंडेनवमीला ठरलं. त्या दिवशी अवजारं पुजतात, मग ग्लायडरही पुजायचं. टेकडीवर सोयरे, गल्लीतले लोक, एक पुढारी. मी जोडण्या तपासत होते, तर आई म्हणाली, "ते बघतील गडी माणसं. तू बहीण हाईस, ओवाळायचं ताट कर." वाऱ्यात निरांजन टिकेना, म्हणून मी जीपच्या आडोशाला जाऊन बसले. ग्लायडर जिनं काढलं, ती वाती लावत बसली.

परत आले तेव्हा भाऊ पंखाखाली पट्टे बांधून तयार होता. वरचं काही खालून दिसत नव्हतं. मी त्याला ओवाळलं. तो पळाला, उचलला गेला, आणि नाक वर काढून ग्लायडर हवेत रेंगाळलं. पुढं जाईचना. मग डावा पंख कलला आणि ते उतारावर आपटलं.

त्याला जीपमध्ये घातल्यावर मी मोडकं ग्लायडर बघितलं. प्रत्येक दोरीला मध्ये गाठ मारून ती आवळलेली होती. म्हणजे मागचा काठ सरळ उडतानाही वर ओढलेला. मग नाक वर जाणार नाही तर काय होणार?

दवाखान्यात त्याच्या पायाला प्लास्टर घातलं. आम्ही दोघंच असताना मी विचारलं. "वाऱ्यानं कापड फुगलं अन् दोऱ्या लोंबून राहिल्या ना ताई. पुढारी म्हणला, मंडपवाला बी असं ढिलं सोडत न्हाई. सगळे हसायले. म्हणून मीच आवळल्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडं पाहुण्यांसमोर काही ढिलं दिसायला नको, मग माणूस मेला तरी चालेल. पण त्याचा सुजलेला चेहरा बघून मी त्याच्या पायाखाली उशी सरकवली. संध्याकाळी भेटायला येतील त्या सगळ्यांना तोच सांगेल असं वाटलं.

संध्याकाळी खोली भरली. पुढारी नारळपाणी घेऊन आले. कसं काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. भाऊ छताकडं बघत म्हणाला, "ताईचं गणित जरा चुकलं. होतं असं."

एक काका लगेच म्हणाले, बाईमाणसानं वर्गात शिकवावं, हे असले उद्योग करू नयेत. मी म्हणाले, "गणित बरोबर होतं. दोऱ्या कुणी आवळल्या ते त्याला विचारा."

कुणी विचारलं नाही. आईनं मला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं.

"त्याचा पाय मोडलाय," ती म्हणाली. "तुझं काय मोडलं?"

दार उघडंच होतं. भावानं ते ऐकलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग झोप आल्यासारखे डोळे मिटून घेतले.